'एस.' आणि 'टी.'ची फारकत: लांब एसएसएमएलचे तुकडे कुठे पाडायचे?

घाटवाट (रविवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय कळायचा नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझे वडील कोल्हापूर विभागात एस.टी.चे कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांनी दोन दोनशेपानी वह्या भरून आठवणी लिहिल्या. ते गेले, वह्या राहिल्या. आईला आता अक्षर दिसत नाही, कितीही मोठं केलं तरी. मावसभावाने दोन्ही वह्या टंकून दिल्यात, सगळं मिळून सुमारे ३,१०,००० अक्षरचिन्हं. ते टीटीएसला (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सेवेला) देऊन आईला ऐकवता येईल असं पुस्तक करायचं ठरवलंय.

साधा मजकूर दिला तर आवाज विनाथांबा गाडीसारखा सुटतो. म्हणून एसएसएमएल शिकले, म्हणजे कुठे थांबायचं, कसं वाचायचं हे यंत्राला सांगायला मजकुरात घालायच्या खुणा, टॅग. प्रसंग बदलला की ब्रेक, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं जरा वेगात, गाडीतल्या म्हाताऱ्यांची वाक्यं सावकाश. हे सगळं हाताने केलं, दोन महिने गेले.

आता अडलंय ते असं. सेवा एका वेळी ५००० पर्यंतच घेते. मी ५००० अक्षरांचे तुकडे केले, ते नाकारले गेले. १६०० चे केले, तर टॅग अर्धवट तुटले आणि 'अवैध' म्हणून परत आले. मग पूर्णविरामावर तोडायची युक्ती केली. पहिल्याच प्रकरणातलं वाक्य बघा: "दि. १.६.१९४८ रोजी पुणे–अहमदनगर पहिली एस.टी. धावली." माझ्या प्रोग्रामने या एका वाक्याची सहा वाक्यं केली! एका तुकड्याच्या शेवटी 'एस.' आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला 'टी. धावली'. वडिलांनी ऐकलं असतं तर मेमोच दिला असता.

कुणी मराठीसाठी हे केलंय का? टॅगांची नावं देवनागरीत लिहितेय, कारण टोकेरी कंस टाकले की ही साइट अर्धी पोस्ट गिळते.

---

नुसताच वाचक (रविवार, रात्री १०.५५)

तांत्रिक काही कळलं नाही, पण वह्यांमधलं काहीतरी इथेही टाका. जागा धरून बसलोय.

---

खटपट्या (सोमवार, सकाळी ७.२०)

घाटवाट, तुमची पहिली चूक सगळेच करतात. ती मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची (संगणकाच्या साठवणीच्या मापाची) आहे. गूगल क्लाउडची मर्यादा ५००० बाइट, आणि त्यात टॅगही धरायचे. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाचे वेगळे ३. 'स्त्री' हे डोळ्याला एक अक्षर. युनिकोडला ती ६ चिन्हं, बाइट १८. इंग्रजी लिहिणाऱ्याला ५००० मध्ये जवळपास ५००० अक्षरं मिळतात, आपल्याला १६६६ चिन्हं. मोकळ्या जागेला एकच बाइट लागतो, तेवढाच दिलासा. टॅग वजा जाता हातात साधारण अडीचशे शब्द उरतात. म्हणून पायथनमध्ये प्रोग्राम लिहिताना नुसतं 'लेन' (लांबी) विचारू नका, आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करा आणि मग लांबी मोजा.

प्रत्येक दुकानाचं मापही वेगळं. अ‍ॅमेझॉन पॉली नेहमीच्या विनंतीत एकूण ६००० अक्षरं घेतं, त्यातली बिलाची (ज्यांचे पैसे लागतात ती) ३००० च्या आत हवीत आणि टॅग बिलात धरत नाही. गूगल 'मार्क' (मजकुरातली जागा दाखवणारा टॅग) सोडून बाकी टॅग बिलात धरतं. अ‍ॅझ्युअर (मायक्रोसॉफ्टची सेवा) वेळ मोजतं: नेहमीच्या पद्धतीत १० मिनिटांच्या पुढचा आवाज कापला जातो, शिवाय एका विनंतीत 'व्हॉइस' आणि 'ऑडिओ' टॅग मिळून ५० च्या आत. तुम्ही म्हाताऱ्यांना सावकाश बोलायला लावलंय, म्हणजे तोच मजकूर जास्त मिनिटं खाणार. तेव्हा मोजमापाचं फंक्शन वेगळं ठेवा आणि तुकडे पाडणारं वेगळं. सेवा बदलली की फक्त पहिलं बदलायचं.

मोठ्या मजकुरासाठी या सगळ्यांकडे सावकाशीची दारं आहेत. पॉलीच्या पार्श्वभूमीतल्या कामाला १ लाख बिलाची अक्षरं चालतात, अ‍ॅझ्युअरकडे बॅच आहे, गूगलकडे लांब आवाजाची वेगळी सोय. पण तिथे कुठला आवाज आणि कुठला टॅग चालतो ते आधी बघा. गूगल आणि अ‍ॅझ्युअर दोघांकडे मराठी आवाज आहेत. अ‍ॅझ्युअरच्या आवाजांची नावं तर आरोही आणि मनोहर. कंडक्टरच्या आठवणींना मनोहर बरा वाटेल.

टॅग तुटण्याबद्दल संध्याकाळी लिहितो, लोकल आली.

---

अडकित्ता (सोमवार, सकाळी ९.०५)

एक सरळ प्रश्न, राग मानू नका. तुम्हीच का वाचून रेकॉर्ड करत नाही? आईला मनोहरचा आवाज ऐकायचाय की घरातला? दोन महिने टॅग घालण्यात गेले, तेवढ्यात दोन्ही वह्या वाचून झाल्या असत्या.

---

घाटवाट (सोमवार, दुपारी १.३०)

राग कसला. केला होता प्रयत्न. चौदा पानं झाली. पंधराव्या पानावर माझ्या जन्माच्या रात्रीची हकिगत आहे. गाडी आंबा घाटात बंद पडली होती आणि त्यांना निरोप सकाळी साखरप्याला मिळाला. तिथून पुढे माझ्याने वाचवलं नाही. भावाने सुरुवात केली, तो दर दोन वाक्यांनी "हे असं नव्हतं" म्हणून थांबतो.

वडिलांच्या आवाजाच्या कॅसेट आहेत, त्यावरून त्यांचाच आवाज 'बनवून' घे असंही एकाने सुचवलं. ते मात्र मला नको. आईलाही विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तिऱ्हाईत आवाजच बरा, त्याच्यावर कुणाचा हक्क नाही.

---

वेलांटी (सोमवार, दुपारी ३.१५)

मी मुद्रितशोधन करते, प्रोग्रामिंग येत नाही. पण तुमचा आजार ओळखीचा वाटला म्हणून लिहिते.

मराठीत टिंब फार कामं करतं. पूर्णविराम हे त्यातलं एकच. डॉ., प्रा., श्री., सौ., कै., रु., क्र., ता., जि., कि.मी., इ.स. आणि तुमची एस.टी. ही सगळी यादी आधी हाताने करा. यादीवर भागलं नाही तर दुसरा नियम: टिंबाच्या आधी एकच अक्षर असेल तर ते वाक्य संपलेलं समजू नका. माणसांची आद्याक्षरं त्यात येतात. 'पु. ल.' म्हटल्यावर दोन वाक्यं झाली असं कुणी मराठी माणूस म्हणणार नाही. उलट बाजूही आहे. "आम्ही शेवटच्या एस.टी.ने आलो" यात टिंबानंतर लगेच प्रत्यय चिकटलाय, म्हणजे टिंबापुढे मोकळी जागा नसेल तर तोडायचं नाही. या एका नियमाने तुमच्या तारखाही वाचतील.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. ही टिंबं ठेवताच कशाला? हे पुस्तक छापायचं नाहीये, ऐकायचंय. तुकडे पाडायच्या आधी सगळं बोलीत उतरवा. 'एस.टी.' नाही, 'एसटी'. 'दि. १.६.१९४८' नाही, 'एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस'. 'कि.मी.' नाही, 'किलोमीटर'. मजकूर फुगेल, पण फुगलेल्या मजकुरावरच माप घ्यायचं. आधी तुकडे आणि मग फुगवणं केलंत तर पुन्हा मर्यादेबाहेर.

आणि वेळा! कंडक्टरच्या वहीत पानापानावर वेळा असणार. ५.३० म्हणजे साडेपाच, ४.४५ म्हणजे पावणेपाच, ५.१५ सव्वापाच, १.३० दीड, २.३० अडीच. यंत्र 'पाच पॉइंट तीस' म्हणायला मागेपुढे बघत नाही. पण डोळे मिटून बदलू नका. वहीत तिकिटाचे पैसेही असतील. वेळ १.३० असेल तर दीड, भाडं १.३० असेल तर एक रुपया तीस पैसे. दीड रुपया म्हणजे १.५०. अशा ठिकाणी आपोआप बदल करूच नये. यादी काढावी आणि माणसाने बघावं.

अवतरणचिन्हातला प्रश्न विसरू नका. "सुट्टे आहेत का?" असं त्यांनी विचारलं. इथे प्रश्नचिन्हावर तोडलंत तर पुढचा तुकडा 'असं त्यांनी विचारलं' पासून सुरू होणार. वारीच्या गाडीच्या आठवणी असतील तर अभंगही असतील. तिथे दंड आणि दुहेरी दंड येतात, दुहेरी दंडात कडव्याचा आकडा. तो आकडा वाचायचा नसतो.

---

नुसताच वाचक (सोमवार, दुपारी ३.४०)

"डोळे मिटून बदलू नका" वर वेलांटीताईंना साष्टांग. आमच्याकडे एका पठ्ठ्याने एका फटक्यात फाइलभर शोधून बदललं, तेव्हापासून 'रु.' चं 'रुपये' झालं आणि 'गुरु.' चं 'गुरुपये'.

---

खटपट्या (सोमवार, रात्री ९.५०)

वेलांटीताईंनी अर्धं काम केलं. दोन भर घालतो.

एक, सफाई करताना 'न दिसणारी चिन्हं काढून टाका' असं कुठलंही तयार साधन वापरू नका. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र चिन्ह, दुसरं म्हणजे र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. जुन्या कळफलकांवर दुसरा प्रकार सर्रास सापडतो. तो जोडक काढला की 'दऱ्या' चं 'दर्या' होतं. आंबा घाटातल्या दऱ्यांचा समुद्र होईल आणि कुठलाही प्रोग्राम ओरडणार नाही.

दोन, टॅग. मजकूर म्हणून तोडायचंच नाही. एसएसएमएल हे एक्सएमएल (टॅग घालायची एक ठरीव रचना) आहे, ते पार्सरनेच, म्हणजे ती रचना ओळखणाऱ्या साधनानेच वाचा. चाल अशी: आत शिरताना प्रत्येक उघडलेला टॅग एका चळतीवर ठेवायचा, बंद झाला की काढायचा. तोडायची वेळ आली की चळतीतले टॅग वरून खाली बंद करत जायचं, आणि नव्या तुकड्यात तेच टॅग त्याच गुणधर्मांसह पुन्हा उघडायचे. 'स्पीक' हा मूळ टॅग भाषा आणि नेमस्पेस (टॅग कुठल्या यादीतले ते) यांच्यासकट प्रत्येक तुकड्यात हवा. हे उघडणं-मिटणं दर तुकड्याला शे-दोनशे बाइट खातं, ते मर्यादेतून आधी वजा करा.

ऐकायला सोपं, पण यात मी दोन आठवडे घालवलेत. कुठे पडलो ते सांगतो.

'से-अ‍ॅज', 'सब' आणि 'फोनीम' (आकडा किंवा तारीख कशी वाचायची, लिहिलेल्याऐवजी काय म्हणायचं आणि उच्चार कसा, हे सांगणारे टॅग) यांच्या आत कधीही तोडू नका. ते एक अक्षर असल्यासारखे धरा. 'प्रोसडी'मध्ये (वेग आणि सूर सांगणारा टॅग) तोडता येतं, पण त्यात सुराचा आलेख दिला असेल तर नाही. तो आलेख पूर्ण वाक्यावर ताणलेला असतो, दोन तुकड्यांत दोनदा सुरू होईल.

'पी' (परिच्छेद) टॅगने मला सगळ्यात जास्त रडवलं. लांब परिच्छेद मध्ये तोडला आणि चळतीच्या नियमाने पुढच्या तुकड्यात 'पी' पुन्हा उघडला. टॅग अगदी शुद्ध! पण प्रत्येक नवा 'पी' म्हणजे नवा परिच्छेद, सूर वर आणि आधी मोठा विराम. ऐकणाऱ्याला वाटतं, विषय बदलला. म्हणून परिच्छेद मध्येच तोडावा लागला तर पुढच्या तुकड्यात 'पी' उघडायचाच नाही. बाकीचे टॅग उघडा, तो गाळा.

टॅग उघडल्याबरोबर तोडायची वेळ आली तर मागे रिकामा 'प्रोसडी' राहतो. काही सेवा त्यावर अडून बसतात. पाठवायच्या आधी रिकामे टॅग झाडून घ्या. तसंच तुकड्याच्या टोकाला आलेला 'ब्रेक'. तो पुढच्याच्या सुरुवातीला गेला की विराम दोनदा, कारण फाइलच्या टोकाला मुळातच थोडी शांतता असते.

पायथनचं एलएक्सएमएल किंवा एलिमेंटट्री हे तयार पार्सर वापरत असाल तर एक खोड लक्षात ठेवा. आतल्या टॅगच्या नंतरचा मजकूर बाहेरच्या टॅगकडे नसतो, तो त्या आतल्याच्या शेपटीत ठेवलेला असतो. "गाडी, ब्रेक, सुटली" यातलं 'सुटली' हे ब्रेकच्या शेपटीत. ब्रेक काढून टाकलात की 'सुटली'ही गेली.

म्हणून एक चाचणी लिहाच: सगळ्या तुकड्यांतले टॅग सोलून मजकूर सलग जोडायचा आणि तो मूळ मजकुराशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा. ही चाचणी नसती तर माझ्या पहिल्या पुस्तकातली चाळीसेक वाक्यं गायब आहेत हे मला अजूनही कळलं नसतं.

जाता जाता: एसएसएमएलची पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीने (वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने) २००४ मध्ये पक्की केली, १.१ आली २०१० मध्ये. मधल्या काळात इतर भाषांच्या गरजा समजून घ्यायला त्यांनी तीन कार्यशाळा घेतल्या: बीजिंग, क्रीट आणि २००७ मध्ये हैदराबाद. म्हणजे आपल्याकडच्या भाषांचं गाऱ्हाणं त्यांच्या दारी पोचलं होतं. बाइटचं गाऱ्हाणं मात्र सेवा देणाऱ्यांकडेच न्यावं लागेल.

---

रात्रपाळी (मंगळवार, पहाटे २.१०)

मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात, म्हणून तुकडे पाडण्यापेक्षा जोडण्याबद्दल बोलतो. तुम्ही मंडळी सगळी अक्कल कापण्यात खर्च करता आणि शेवटी एमपीथ्री एकापुढे एक चिकटवता.

एमपीथ्री चिकटवू नका. ती चौकटींमध्ये बांधलेली असते. २४ किलोहर्ट्झला एक चौकट ५७६ नमुन्यांची (सॅम्पलची), म्हणजे २४ मिलिसेकंद. तुकडा चौकटीच्या मापात बसत नाही म्हणून टोकांना भर घातली जाते, आणि एन्कोडर सुरुवातीला स्वतःची थोडी शांतता घालतो. वाक्यांच्या मध्ये एवढं खपतं. वाक्याच्या आत जोड आला की हुंदका दिल्यासारखं ऐकू येतं. सेवेकडून बिनदाबाचा वेव्ह मागा, सगळे एकाच नमुना-दराचे. जोडा, आणि एमपीथ्री सर्वात शेवटी एकदाच करा. वेव्हचं शीर्षक ४४ बाइटचं असतं असं गृहीत धरून कापणारे आहेत. कधी ते जास्त असतं आणि मग प्रत्येक जोडाला 'टक्' वाजतं. प्रोग्रामिंगच्या तयार लायब्ररीने उघडा.

विरामांचा हिशेब जोडणाऱ्याच्या हातात ठेवा. तुकड्यांच्या टोकांची शांतता छाटा, पण अगदी अंगालगत नको, नाहीतर शेवटचा 'ह' किंवा 'स' मरतो. मग मोजून घाला. माझं माप: परिच्छेदांमध्ये पाऊण सेकंद, प्रकरणांमध्ये दोन. वयस्क श्रोत्यांसाठी परिच्छेदाला मी पूर्ण सेकंद देतो. आवाजाची पातळी एकेका तुकड्याची सारखी करू नका. पूर्ण प्रकरणाची एकदम करा, नाहीतर हळू बोललेलं आणि ओरडलेलं एकाच पट्टीत येईल.

आणि तोडण्याबद्दल एकच सांगतो. हे आवाज वाक्याचा सूर आजूबाजूचं बघून ठरवतात. तुकडा बदलला की मागचं सगळं विसरतात. स्टुडिओत वाचणाऱ्याला आपण वाक्याच्या मध्ये "थांबा, पान संपलं" म्हणत नाही. पान आधीच अशा ठिकाणी संपवतो की त्याला श्वास घ्यायचाच असेल. आधी प्रकरणावर तोडा, मग परिच्छेदावर, नाइलाज झाला तर वाक्यावर. स्वल्पविरामावर तोडायची वेळ आली तर वाक्यच पुन्हा लिहा.

---

अडकित्ता (मंगळवार, सकाळी ८.४५)

"नाइलाज झाला तर" म्हणजे मर्यादा भरेपर्यंत परिच्छेद कोंबत जायचे का? तसं केलं तर शेवटी एक ओळ उरते आणि तिचा वेगळा तुकडा होतो. एका ओळीचा तुकडा हे आवाज फार विचित्र म्हणतात, बातम्यांचं शीर्षक वाचल्यासारखा.

(हो, मीही करून बघितलंय. घरचा आवाज बरा हे त्यानंतरच म्हणायला लागलो.)

---

सातासमुद्रापार (मंगळवार, दुपारी ४.२०)

अडकित्ता, बरोबर. मी इथल्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी गोष्टींचे ऑडिओ करते, माझ्यावर हीच वेळ आली होती. ठासून भरण्यात याहून मोठा तोटा आहे, तो पैशात मोजता येतो.

समजा सुरुवातीपासून भरत गेलात. मग तिसऱ्या पानावर एक शब्द दुरुस्त केला. तो तुकडा मर्यादेबाहेर गेला, त्याचं शेवटचं वाक्य पुढच्यात ढकललं, त्याचं त्याच्या पुढच्यात. एका शब्दापायी पुस्तकाचे सगळे पुढचे तुकडे बदलले, सगळे पुन्हा बनवायचे, सगळ्यांचे पुन्हा पैसे.

म्हणून मी सीमा मजकुरालाच बांधून टाकते. परिच्छेद कधी एकत्र करायचे आणि कधी नाही हे प्रकरणाच्या आतच ठरतं, प्रकरणाची सीमा कधी ओलांडायची नाही. आणि मर्यादा ५००० असली तरी मी ४००० लाच थांबते, चार शब्दांची दुरुस्ती त्या रिकाम्या जागेत मावते. मोठं प्रकरण असेल तर एकूण बाइट मोजून आधी ठरवते की याचे सात तुकडे होणार, आणि मग सातही साधारण सारखे करते. शेवटी एकटी ओळ उरत नाही.

प्रत्येक तुकड्याचा मजकूर, आवाजाचं नाव आणि वेग यांचा मिळून एक हॅश (त्यातलं काही बदललं की बदलणारा सांकेतिक आकडा) काढून फाइलला तेच नाव. पुन्हा चालवलं की ज्यांचा हॅश आधीच आहे ते वगळायचे. मधेच इंटरनेट गेलं तरी सुरुवातीपासून नको.

---

घाटवाट (गुरुवार, रात्री ११.१०)

तुम्हा सगळ्यांचं सगळं केलं. सोलून जोडायच्या चाचणीत पहिल्याच फेरीत ११ वाक्यं कमी भरली. सगळी ब्रेकच्या शेपटीतली! खटपट्या, दंडवत.

आता २१४ तुकडे आहेत. अभिमानाने सगळं जोडलं, ऐकायला बसले. वडील नोकरीला लागले, पहिल्या दिवशी तिकिटांची पेटी हरवली आणि पुढच्याच वाक्याला भावाचं लग्न! फाइलींना १, २, ३ अशी नावं दिली होती, संगणकाने १ नंतर १० घेतली, मग १००, १०१. हॅशची नावं ठेवून क्रम वेगळ्या यादीत लिहायचा होता, ते मी वगळलं होतं. आता ००१, ००२ केलंय.

अजून एक. 'चार' आणि 'जरा' यातला च, ज बरोबर येतो, पण काही शब्दांत आवाज गडबडतो. फोनीम टॅग घालावा का?

---

वेलांटी (शुक्रवार, सकाळी १०.००)

मोजकाच. 'चहा'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळे, आणि लिहिताना आपण फरक करतच नाही. यंत्राने तरी कशावरून ओळखावं? आपण संदर्भाने ओळखतो. आई सत्तर वर्षं मराठी ऐकतेय, तीही ओळखेल. जिथे अर्थच बदलतो तिथेच दुरुस्त करा.

---

खटपट्या (शुक्रवार, सकाळी १०.३०)

सहमत. त्या टॅगचा सांगाडाच ४० बाइट खातो, वर उच्चाराची चिन्हं वेगळी. तुमच्या आवाजाला तो टॅग चालतो का तेही आधी एका वाक्यावर बघा. काही ठिकाणी तो मुकाट्याने दुर्लक्षिला जातो आणि तुम्ही बाइट मात्र भरता.

तुकड्यांच्या लांबीचीही एक तपासणी करा: प्रत्येक फाइलचे सेकंद भागिले त्यातली अक्षरं. सगळ्यांचं गुणोत्तर जवळपास सारखं यायला हवं. एखादं फारच कमी आलं तर तो तुकडा शेवटी कापला गेलाय. २१४ तुकडे कानाने तपासण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम.

---

घाटवाट (पुढचा रविवार, रात्री ९.१५)

तुकडा १३० चं गुणोत्तर कमी आलं होतं. उघडून बघितलं तर टंकलेल्या मजकुरातच 'भाडे' आणि '२ रु.' यांच्या मध्ये 'पेक्षा कमी'चं टोकेरी चिन्ह होतं. ते चिन्ह टॅग म्हणून धरलं जाऊ नये म्हणून मी आधी कधीतरी तिथून पुढची ओळच यंत्राने वाचू नये अशा खुणेत टाकली होती आणि विसरले होते. आता 'दोन रुपयांपेक्षा कमी' केलं.

काल आईने पहिली तीन प्रकरणं ऐकली. आवाजाबद्दल काही बोलली नाही. चौथ्या प्रकरणात पहाटेच्या रत्नागिरी गाडीचा भाग आला, तशी म्हणाली, "थांबव. साडेपाचची नाही, सव्वापाचची गाडी होती."

मी वही काढली. वहीत वडिलांच्या हातचं स्पष्ट ५.३० आहे, मावसभावाची चूक नाही. तसं तिला सांगितलं.

"त्यांना काय माहीत? उठवायची मी."

तुकडा ०४७ सव्वापाच घालून पुन्हा बनवला. बाकीचे २१३ जसेच्या तसे राहिले.

---

नुसताच वाचक (पुढचा रविवार, रात्री ९.२०)

डबल बेल!